दम्याच्या रकान्यात ‘नाही’ लिहू नका, सर

पत्र: मी परभणी जिल्ह्यातल्या एका झेडपी शाळेवर शिक्षक आहे, वय ३७. आम्ही डीएडचे पाच मित्र मे महिन्याच्या सुट्टीत बालीला चाललोय, सात दिवसांचं पॅकेज आहे. त्यात एक दिवस पाण्याखालचं बुडालेलं जहाज बघायचंय, स्कूबा डायव्हिंग करून. मला पोहता येतं, गावच्या विहिरीत शिकलो. लहानपणी दमा होता, दहावीपर्यंत पंप घ्यायचो, आता काही नाही, फक्त थंडीत किंवा सोयाबीनच्या मळणीची धूळ गेली की दोन-चार दिवस छातीत घरघर होते. पॅकेजवाला म्हणतो फॉर्मवर सगळीकडं ‘नाही’ टिक करा, कोणी बघत नाही, पोहता येत नसलं तरी चालतं, जहाजाच्या आत नेऊन फिरवून आणतात. आईला कळल्यापासून ती नीट जेवत नाही, तिचा सख्खा भाऊ विहिरीत बुडून गेलेला. मी काय करू? आणि शाळेच्या प्रयोगशाळेसाठी त्या जहाजाचा एखादा तुकडा आणता येतो का?
– एक शिक्षक, सेलू तालुका

सर नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेस त्या घरघरीपाशीच थांबलो. म्हणून जहाजाचं नंतर बोलू, आधी फॉर्मचं बोलू, कारण माझ्या मते तुमच्या अख्ख्या पत्रात काळजीचं वाक्य तेवढंच आहे आणि ते तुम्ही ‘आता काही नाही’ म्हणून मधेच उरकून टाकलंय.

फॉर्मवर खोटं लिहू नका. तो फॉर्म कुणी बघतं की नाही हा प्रश्नच नाही, तो तुमच्यासाठीच असतो. दमा, कान, हृदय, फिट्स, शुगर, नुकतंच झालेलं ऑपरेशन, चालू असलेल्या गोळ्या असं सगळं त्यात विचारलेलं असतं आणि एखाद्या ठिकाणी ‘हो’ आलं की डॉक्टरची सही लागते, सही नसेल तर चांगला डायव्हिंगवाला पाण्यात घेत नाही. जो म्हणतो सगळीकडं ‘नाही’ मारा, त्याला फक्त बुकिंग पाहिजे, तुमच्या छातीशी त्याचं काही देणंघेणं नाही. आणि उद्या काही झालंच तर विमा कंपनी पहिला तोच कागद काढून बसेल हेही ध्यानात ठेवा.

आता दम्याला एवढं का घाबरायचं ते सांगतो, तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला बॉईलचा नियम (दाब दुप्पट झाला की हवा अर्ध्या जागेत मावते) मी शिकवायची गरज नाही, पण तो स्वतःच्या फुप्फुसात कसा चालतो ते कधी डोक्यात येत नाही, माझ्याही नव्हतं आलं. समुद्रात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. वर १, दहा मीटरवर २, वीसला ३, तीसला ४. दहा मीटर म्हणजे आपल्या विहिरीच्या भाषेत साधारण सहा परस पाणी. तिथं तुम्ही सिलिंडरची हवा ओढता, ती त्या दाबाचीच मिळते, म्हणजे छाती नेहमीसारखी भरते पण आत हवा दुप्पट कोंबलेली असते. तसाच श्वास रोखून वर आलात तर ती हवा फुगत फुगत दुप्पट व्हायला बघणार, आणि फुप्फुस काही दुप्पट होत नाही, ते फाटतं. अगदी दीड-दोन मीटर पाण्यातून छाती भरून श्वास रोखून वर आलं तरी इजा होऊ शकते. फाटलेल्या जागेतून हवेचा बुडबुडा रक्तात शिरला आणि मेंदूकडं गेला तर माणूस वर येईपर्यंत शुद्ध गेलेली असते. म्हणून स्कूबाचा पहिला नियम, सगळ्या नियमांच्या वरचा, की श्वास कधीच रोखायचा नाही, आत-बाहेर, आत-बाहेर, चालूच ठेवायचा.

दम्यात काय होतं, तर नळ्या आकसतात, हवा आत जाते पण बाहेर पडताना अडकते. म्हणजे तुम्ही श्वास रोखला नाही तरी फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात हवा आपोआप रोखलेलीच राहते. त्यात सिलिंडरची हवा कोरडी ठाक असते, वरून पोहण्याची मेहनत, नवीन ठिकाणची धास्ती, आणि या तिन्हीने दमा उठू शकतो. आणि पाण्याखाली पंप कुठून आणणार?

पण म्हणून लहानपणी दमा होता त्या प्रत्येकाने डायव्हिंग विसरून जावं असंही नाही, हे पण तितकंच खरंय. दमा पूर्ण ताब्यात असलेली कितीतरी माणसं तपासणी करून, डॉक्टरची सही घेऊन डाईव्ह करतात. मेहनतीने, थंडीने किंवा टेन्शनने ज्यांची छाती भरते त्यांना मात्र नाहीच म्हणतात. तुमची घरघर धुळीने होते की थंडीनेही होते यात फार फरक आहे, आणि तुम्ही दोन्ही लिहिलंय. त्यामुळे तुम्ही कोणत्या बाजूला बसता ते ना मी सांगू शकत ना पॅकेजवाला. परभणीला नाहीतर नांदेडला छातीच्या डॉक्टरकडं जा, स्पष्ट सांगा की मला सिलिंडर लावून पाण्याखाली जायचंय, उगं ‘जनरल फिटनेस’ म्हणून सर्टिफिकेट मागू नका. फुंकायची टेस्ट करतील, स्पायरोमेट्री, ती पळवून किंवा जिने चढवून परत एकदा करता येते का तेही विचारा कारण बसल्या जागी चांगली येणारी टेस्ट पळाल्यावर खाली येऊ शकते आणि आपल्याला नेमकं तेच बघायचंय. जमलं तर थंडीतच जा, डिसेंबरात, जेव्हा तुम्हाला त्रास होतो. मे महिन्यात, छाती मोकळी असताना केलेल्या टेस्टने स्वतःची समजूत काढू नका.

आता विहिरीचं. मीही विहिरीतच शिकलो, गोदाकाठच्या गावात, आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात पण गंगेत उतरायची परवानगी नव्हती, आधी विहीर. पाठीला वाळका भोपळा बांधून चुलत्याने वरून टाकलं होतं. मग पुढच्या उन्हाळ्यात भोपळा सुटला, आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पैज तळ काढायची, म्हणजे खाली जाऊन मूठभर गाळ घेऊन यायचं आणि वर आल्यावर सगळ्यांना मूठ उघडून दाखवायची. तुम्हीही केलंच असणार. त्या खेळात आपण जे शिकलो ते म्हणजे वर छाती भरून घ्यायची आणि मग तोंड गच्च मिटून ठेवायचं. तिथं ते चालतं, कारण हवा वरची असते, खाली गेल्यावर आकसते आणि वर आल्यावर परत होती तेवढीच होते. पण सिलिंडर लावला की तीच सवय घात करते. विहिरीत शिकलेल्या माणसाला पाण्याची भीती नसते हा मोठा फायदा आहे, पण पाण्यात डोकं गेलं की श्वास बंद हे अंगात इतकं मुरलेलं असतं की ते काढायला वेळ लागतो.

माझा पहिला डाईव्ह सांगतो. सहा-सात मीटरवर होतो, सगळं नीट चाललं होतं, एक मासा बघायला मी थोडा वाकलो आणि मला कळलंच नाही की मी श्वास धरून ठेवलाय. इन्स्ट्रक्टर समोर आला, त्याने माझ्या छातीवर दोन बोटं टेकवली आणि मग स्वतःच्या तोंडासमोर बोटं उघडून बुडबुडे दाखवले. मी सोडला. परत पाच मिनिटांनी तेच. परत दोन बोटं छातीवर. त्या अर्ध्या तासात त्याने चार वेळा मला असं टोकलं, आणि तो माझ्यापासून हाताच्या अंतरावर होता म्हणून टोकू शकला. नंतर दुसऱ्या एका ठिकाणी मी एका माणसाच्या हवाली सहा नवखे दिलेले बघितले, तो दोघांना खाली नेऊन सोडायचा आणि बाकीच्यांना आणायला परत वर यायचा. तिथून मी पैसे सोडून परत आलो आणि आजही वाटतं बरं केलं. म्हणून तुम्ही पॅकेजवाल्याला हॉटेलात नाश्ता मिळतो का विचारण्याआधी हे विचारा की एका इन्स्ट्रक्टरमागे माणसं किती, आणि तो पाण्यात पूर्ण वेळ सोबत राहणार का.

‘पोहता येत नसलं तरी चालतं’ हे म्हणतात ते ट्राय डाईव्हबद्दल, म्हणजे कोर्स न करता नुसता अनुभव म्हणून केलेल्या डाईव्हबद्दल. त्यात इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरूनच असतो आणि १२ मीटरच्या खाली नेत नाहीत. त्याच्या पुढची पायरी म्हणजे ओपन वॉटर कोर्स, तीन-चार दिवसांचा, त्यात २०० मीटर पोहून दाखवावं लागतं आणि १० मिनिटं तरंगावं लागतं, विहिरीत वाढलेल्या माणसाला ते जड नाही. तो केला की १८ मीटरपर्यंत जायची मुभा, पुढं अ‍ॅडव्हान्स्ड केला की ३०. तुमच्या पॅकेजमध्ये कोर्सचं नाव नाही म्हणजे तुम्हाला ट्राय डाईव्हच मिळणार आहे. मग ‘जहाजाच्या आत फिरवून आणतात’ हे कसं काय? हे दोन्ही एका दिवशी, एकाच नवख्या माणसाला, कुणी चांगला माणूस देणार नाही.

आता जहाज. तुम्ही नाव लिहिलं नाही पण बालीत पॅकेजमधलं जहाज म्हणजे बहुतेक तुलांबेनचं लिबर्टी. बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर, अगुंग ज्वालामुखीच्या पायथ्याला. अमेरिकन लष्कराचं मालवाहू जहाज, १९१८ साली बांधलेलं. (दुसऱ्या महायुद्धात लिबर्टी नावाची जहाजं शेकड्याने बांधली गेली, हे त्यातलं नाही, हे त्याच्या आधीचं.) रबर आणि रेल्वेचं सामान घेऊन ऑस्ट्रेलियाहून फिलिपिन्सकडं चाललं होतं, ११ जानेवारी १९४२ ला जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला. बुडालं नाही लगेच, दोन युद्धनौकांनी ओढत आणलं, पण पाणी इतकं भरत गेलं की शेवटी तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवून टाकलं, निदान माल तरी काढता यावा म्हणून. आणि मग तसंच २१ वर्षं ते किनाऱ्यावर पडून होतं. १९६३ ला अगुंग फुटला, जमीन हादरली आणि जहाज घसरून पाण्यात गेलं. म्हणजे तुम्ही जे बघायला चाललाय ते लढाईत मेलं पण बुडवलं डोंगराने.

त्यामुळेच ते किनाऱ्याला इतकं जवळ आहे. बोट लागत नाही, चालत पाण्यात उतरायचं. सव्वाशे मीटरच्या आसपास लांब, आडवं पडलेलं, वरचा भाग पाचेक मीटरवरच आहे आणि खालचा तीसपर्यंत जातो. किनाऱ्यावर वाळू नाही, काळे गोल गोटे आहेत, लाट आली की पायाखालचे सगळे एकदम सरकतात आणि खळखळ आवाज होतो, तिथं बरेच जण पडतात, पायात बूट घातल्याशिवाय उतरू नका. आणि एक बघून मला आपल्याकडचीच आठवण झाली, तिथल्या बाया सिलिंडर डोक्यावर घेऊन गोट्यांवरून चालतात, चुंबळ ठेवून, कधी एकीच्या डोक्यावर दोन दोन, आपल्याकडं हंड्यावर कळशी ठेवून नदीवरून येतात ना अगदी तसं. भरलेला सिलिंडर एक पंधरा किलोच्या आसपास असतो. मी माझा स्वतः उचलायला गेलो तर त्या बाईने हाताने बाजूला हो म्हणून सांगितलं, तिचं ते काम होतं आणि ती ते माझ्यापेक्षा नीट करत होती.

सकाळी लवकर गेलात तर गर्दी नसते आणि डोक्यावर टेंगूळ असलेले मोठे हिरवट बंपहेड मासे दिसतात, मीटरभर लांबीचे, कळपाने. खाली उतरताना आधी काळी वाळू दिसते, त्यातून बागेतल्या बारीक काड्यांसारख्या वाम वर आलेल्या असतात आणि जवळ गेलं की एकेक करून आत जातात. मग समोर काहीतरी अंधार अंधार दिसतो, वाटतं खडक आहे, अजून जवळ गेलं की त्याला फासळ्या दिसायला लागतात. लोखंड असं कुठं दिसतच नाही सर. सगळ्यावर प्रवाळ, पंख्यासारखे सी-फॅन, स्पंज. खाली गेल्यावर लाल रंग सगळ्यात आधी जातो, सगळं निळसर राखाडी वाटतं, आणि मग गाईड टॉर्च मारतो आणि जे करडं वाटत होतं ते एकदम कुंकवासारखं लाल निघतं. टॉर्च बंद, परत करडं. मला वाटतं तुमच्यासारख्या शिक्षकाने ते एकदा बघावंच, पोरांना प्रकाश शिकवायला पुढं दहा वर्षं पुरेल.

पण हे सगळं बाहेरून. आत शिरायचं नाही. लिबर्टी बरंच मोडलंय, मोठमोठी भगदाडं आहेत, त्यामुळं गाईड सहज हात करतो की या इकडून, दोन मिनिटं. तुम्ही मान हलवून नाही म्हणायचं. का, तर मोकळ्या पाण्यात काही झालं तर वर पृष्ठभाग आहे, जहाजात वर लोखंड आहे. विहिरीत तळ काढताना चार पोरं एकदम खाली गेली की कसा गाळ उठतो, स्वतःचा हात दिसत नाही, आठवतं? जहाजाच्या आत तसाच बारीक गाळ बसलेला असतो, पायातल्या फिनचा (पोहायच्या पंखाचा) एक फटका चुकीचा बसला की आलो कुठून ते कळत नाही, आणि विहिरीत निदान वर उजेड असतो. जे लोक आत जातात ते त्यासाठी वेगळं ट्रेनिंग घेतात, रीळ घेऊन दोरी सोडत जातात, जास्तीचे टॉर्च असतात, आणि हवेचा हिशोब असा की एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश हात न लावता ठेवायची. तुमच्या सिलिंडरमध्ये सुरुवातीला साधारण २०० बार दाबाची हवा असते, खोल जाल तशी भराभर संपते कारण वीस मीटरवर प्रत्येक श्वासाला वरच्यापेक्षा तिप्पट हवा लागते, आणि नवखा माणूस तर अजूनच जास्त ओढतो. हवेचा काटा बघायची सवय लागेपर्यंत छप्पर असलेल्या जागी जाऊ नये, बस.

तुमच्या पॅकेजचा जो कार्यक्रम तुम्ही पत्रासोबत जोडलाय त्यात अजून एक मोठी चूक आहे. पाचव्या दिवशी दुपारी दोन डाईव्ह, त्याच रात्री दोनला उठून बातुर डोंगराचा सूर्योदय ट्रेक. बातुर १,७१७ मीटर उंच आहे. डायव्हिंग करताना दाबामुळे नायट्रोजन अंगात मुरतो, तो हळूहळू बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो, आणि लगेच उंचावर किंवा विमानात गेलं की बाहेरचा दाब कमी होतो आणि सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे बुडबुडे रक्तात नि सांध्यात येतात. एक डाईव्ह केला तर विमानाआधी किमान १२ तास, एकाहून जास्त केले तर किमान १८ तास, आणि मी तर म्हणतो पूर्ण दिवस सोडा. डोंगराचंही तसंच. म्हणून ट्रेक आधी करा, डाईव्ह नंतर, आणि डाईव्हनंतर एक रात्र समुद्रालगतच काढून मग विमानाचं बघा. तुलांबेनहून परत येतानाही किंतामणीच्या डोंगरावरून गाडी नेऊ नका म्हणावं ड्रायव्हरला, किनाऱ्याकडून चला. वर येताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा जोरात यायचं नाही आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, हे इन्स्ट्रक्टर करून घेतोच, पण तुम्हाला माहीत असलेलं बरं. असे बुडबुडे झालेल्या माणसाला दाबाखाली ठेवून उपचार करायचा चेंबर बालीची राजधानी देनपसारला आहे, तुलांबेनहून गाडीने दोन-तीन तास. तेव्हा विमा घेताना पॉलिसीत स्कूबा धरलंय का ते वाचून घ्या, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत बऱ्याचदा साहसी खेळ वगळलेले असतात.

बारीकसारीक सांगायचं तर, कान. उतरायला सुरुवात केली की लगेच नाक दाबून हळूच हवा कानाकडं ढकलायची, दुखायची वाट बघायची नाही, दर हातभर उतरलं की परत. जोर लावायचा नाही. दुखलं तर थांबायचं, थोडं वर यायचं. सर्दी असेल तर त्या दिवशी जायचंच नाही, गोळी खाऊनही नाही, कारण गोळीचा असर पाण्याखालीच उतरला तर वर येताना कान अडकतो. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो, आधी विचारा. मिशा जाड असतील तर नाकाखालचा एक पट्टा बारीक करून घ्या, तिथूनच मास्कमध्ये पाणी येतं आणि नवखा माणूस त्यानेच घाबरतो. आणि अंगठा वर करायचा नाही! वर्गात आपण शाबास म्हणून करतो, पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘मला वर जायचंय’, आणि तुम्हाला खरंच वर नेतील. सगळं ठीक असेल तर अंगठा नि तर्जनी जोडून गोल. आदल्या रात्री मित्रांसोबत बसाल तेव्हा दारू नको, मित्रांनाही नको, पाणी भरपूर प्या.

तुकड्याचं. नाही आणायचा सर, गोटासुद्धा नको. तो तुकडा आता जहाजाचा राहिलेला नाही, त्यावर कुणीतरी घर केलंय. रोज शेकड्याने लोक तिथं उतरतात, प्रत्येकाने बोटभर उचललं तर तुमच्या मुलांनी मोठं होऊन काय बघायचं. कशाला हातही लावायचा नाही, गंजलेलं लोखंड कापतं आणि लायनफिश, स्टोनफिश असे विषारी काटे असलेले मासे नेमके लोखंडाच्या आडोशाला बसलेले असतात. शाळेसाठी दुसरं करा, मित्राला सांगून एक रिकामी पाण्याची बाटली झाकण घट्ट लावून खाली घेऊन जायला लावा, ती चेपत चेपत अर्धी होते त्याचा व्हिडिओ काढा आणि वर आणल्यावर परत फुगलेली दाखवा, बाटली मात्र परत आणायची. बॉईलचा नियम फळ्यावर असा कधी दिसणार नाही.

डॉक्टर नाही म्हणाले तर? मग सिलिंडर नाही. वाईट वाटेल, मला कळतं, मित्र खाली जातील आणि तुम्ही वर. पण लिबर्टीचा वरचा भाग पाचेक मीटरवर आहे म्हणालो ना, पाणी स्वच्छ असलं की नुसता मास्क नि स्नॉर्कल (तोंडात धरायची श्वासाची नळी) लावून वर तरंगत तो दिसतो, मित्रांचे बुडबुडे तुमच्या अंगाखालून वर येताना दिसतात. स्नॉर्कललाही मेहनत पडते म्हणून तेही डॉक्टरला विचारून, लाइफ जॅकेट घालून, सोबत माणूस ठेवून. बुडालेली जहाजं जगात फार आहेत, पण जी नुसतं तरंगून बघता येतात ती मोजकी, आणि तुमच्या नशिबाने हे त्यातलं आहे.

आणि आता आई. त्यांना ‘काही होत नाही गं’ म्हणू नका. त्यांच्या भावाला पण कुणीतरी तसंच म्हणालं असेल किंवा तो स्वतःच म्हणून गेला असेल. त्यांनी पाण्याने माणूस नेलेला बघितलाय, तुमचं वाक्य त्यांना लागत नाही, पुसून जातं. त्यापेक्षा खरं सांगा, की यात धोका आहे, दमा आहे म्हणून आपल्याला जास्त आहे, म्हणून मी डॉक्टरकडं चाललोय आणि तो नाही म्हणाला तर मी उतरणार नाही. आणि त्यांना त्या डॉक्टरकडं सोबत न्या. मामांबद्दल त्यांना विचारा, तुमच्या पत्रावरून वाटतं घरात तो विषय कुणी काढत नाही. ऐकून घ्या नुसतं, मधे स्कूबा आणू नका. त्यांचं जेवण तुटलंय ते बालीमुळं कमी आणि त्या विहिरीमुळं जास्त, असं मला वाटतं.

मे महिना लांब आहे. डॉक्टरने हो म्हटलं तर थेट बालीला पहिला डाईव्ह करण्यापेक्षा नाताळच्या आसपास तारकर्लीला जा. एमटीडीसीचं स्कूबा ट्रेनिंगचं केंद्र आहे तिथं, शिकवायला स्वतःचा टँक आहे, मराठीत समजावून सांगतात, आणि पाण्याखाली घाबरल्यावर मराठीत समजावलेलंच आठवतं. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, हिवाळ्यात पाणी बरं असतं. बालीइतकं स्वच्छ नाही, जहाज नाही (नौदलातून निवृत्त झालेली गुलदार नौका निवतीजवळ समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचं म्युझियम करायचं काम राज्य सरकारने हातात घेतलंय, ते झालं की आपल्याला बालीचं तिकीटही लागायचं नाही), पण श्वास रोखायची आपली जुनी सवय मोडायला ते पाणी पुरे आहे. सुट्टी असेल तर ओपन वॉटर कोर्सच करून घ्या, ते कार्ड बालीतही चालतं. रस्त्याने परत येणार असाल तर आंबोली नाहीतर फोंडा घाट चढायचा असतो, म्हणून शेवटच्या डाईव्हनंतर एक मुक्काम मालवणातच करा.

आणि आईंना सोबत न्या तिथं. देवगिरीने मुंबई, तिथून कोकण रेल्वेने कुडाळ, लांबचा प्रवास आहे पण त्यांनी समुद्र बघितलाय का विचारा, नसेल बघितला तर नक्की न्या. आधी टँकपाशी बसवा, जिथं पाणी आरपार दिसतं आणि तुम्ही खाली बसलेले, बुडबुडे सोडताना, त्यांना वरून दिसाल. इन्स्ट्रक्टरला सांगा एकदा त्यांच्याशी बोलायला, त्यांना जे विचारायचंय ते त्यांनाच विचारू द्या. काठावर सावली आहे का ते आधी फोन करून विचारून घ्या, डिसेंबरातही तिकडचं ऊन लागतं, आणि तुम्ही वर येईपर्यंत त्या जागच्या हलणार नाहीत.